आधी छताचा हिशेब, मग टनांचा

होळी जळाली, थंडी पळाली, असे म्हणण्याचा प्रघात आहे. बीड जिल्ह्यात होळीनंतरचे तीन महिने कसोटीचे असतात. एप्रिलमध्ये पारा चाळीस अंशांची रेषा ओलांडतो, मे महिन्यात काही दिवस तो ४२-४३ अंशांपर्यंत चढतो आणि दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली रात्रीची झोप दुर्मिळ होते. एकेकाळी दवाखाने, बँका आणि मोठी दुकाने यांपुरतेच दिसणारे वातानुकूलन यंत्र, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला एसी, आता बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई या शहरांतील मध्यमवर्गीय घरांतही पोहोचला आहे. अनेक कुटुंबे तो हप्त्यांवर घेतात. म्हणजे यंत्राची किंमत काही महिने आणि त्याचे वीजबिल पुढील दहा-बारा वर्षे फेडावयाचे असते.

एवढ्या मोठ्या खर्चाच्या वेळी चर्चा होते ती कंपनीची, सवलतीची आणि ताऱ्यांची. यंत्र किती टनांचे हवे, हा मूळ प्रश्न मात्र खोलीची लांबी-रुंदी विचारून अर्ध्या मिनिटात निकालात काढला जातो. शंभर-सव्वाशे चौरस फुटांपर्यंत एक टन, दीडशे-पावणेदोनशेपर्यंत दीड टन आणि त्यापुढे दोन टन, असा ठोकताळा बहुतेक ठिकाणी ऐकावयास मिळतो. हा ठोकताळा सर्वस्वी चुकीचा नाही. पण तो खोलीच्या जमिनीकडे पाहतो, छताकडे पाहत नाही. बीडच्या उन्हाळ्यात खोलीत शिरणाऱ्या उष्णतेचा सर्वांत मोठा एकच वाटा बहुधा छतातून येतो. त्यामुळे एकाच मापाच्या दोन खोल्यांना, एक वरच्या मजल्यावरील आणि दुसरी तळमजल्यावरील, वेगवेगळ्या क्षमतेची यंत्रे लागू शकतात.

टन म्हणजे वजन नव्हे

एसीच्या संदर्भातील टन हे यंत्राचे वजन नसून उष्णता बाहेर काढण्याच्या वेगाचे माप आहे. त्याचे मूळ बर्फाच्या व्यापारात आहे. कृत्रिम शीतकरण नव्हते तेव्हा गोठलेल्या तळ्यांवरील बर्फ कापून तो दूरदेशी विकला जाई. १८३३ साली बोस्टनहून निघालेले बर्फाचे जहाज कलकत्त्यास पोहोचले आणि पुढे मुंबईतही असा बर्फ येऊ लागला. नंतर शीतयंत्रे निघाली, तेव्हा एखादे यंत्र दिवसभरात किती बर्फाचे काम करते, हीच त्याच्या ताकदीची ओळख ठरली. शून्य अंशावरील एक अमेरिकी टन, म्हणजे २,००० पौंड किंवा सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता काढणारे यंत्र एक टनाचे. तासाचा हिशेब केल्यास हे माप १२,००० बीटीयू होते आणि आजच्या एककात ३,५१७ वॅट. दीड टन म्हणजे सुमारे ५,२७५ वॅट आणि दोन टन म्हणजे सुमारे ७,०३५ वॅट.

हे वॅट यंत्र बाहेर काढत असलेल्या उष्णतेचे आहेत, यंत्राने ओढलेल्या विजेचे नाहीत, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. एसी उष्णता निर्माण किंवा नष्ट करीत नाही. ती खोलीतून उचलून बाहेर टाकतो. म्हणूनच दीड टनाचे यंत्र पाच हजार वॅट उष्णता बाहेर काढताना साधारणतः दीड हजार वॅटच्या आसपास वीज घेते.

अमेरिकेत विलिस कॅरियर या अभियंत्याने १९०२ साली ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी आधुनिक वातानुकूलनाची पहिली योजना आखली. तेथील अडचण माणसांच्या घामाची नव्हती, तर दमट हवेने कागद फुगून रंग एकमेकांवर नीट न बसण्याची होती. हवा थंड करणे आणि तिच्यातील बाष्प काढणे ही दोन्ही कामे तेव्हापासून या यंत्राकडे आहेत. क्षमता ठरवताना दोहोंचा विचार करावा लागतो.

लहान यंत्र आणि मोठे यंत्र

गरजेपेक्षा लहान यंत्र बसवल्यास त्याचा दोष पहिल्याच मे महिन्यात उघड होतो. दुपारी चारपासून कॉम्प्रेसर अखंड चालतो, तरी खोली २९-३० अंशांखाली येत नाही. रिमोटवर १८ अंश लावल्याने काही फरक पडत नाही, कारण यंत्र आधीच पूर्ण शक्तीने चाललेले असते. बिल वाढते, सुटे भाग झिजतात आणि कुटुंबात ज्याच्यासाठी एसी घेतला, त्या वृद्धाला किंवा तान्ह्या बाळाला अपेक्षित आराम मिळत नाही.

या भीतीपोटी मोठे यंत्र घेण्याकडे कल असतो. मोठ्या यंत्राचा दोष लवकर दिसत नाही, एवढेच. जुन्या पद्धतीचा, एकाच वेगाने चालणारा कॉम्प्रेसर असल्यास खोली काही मिनिटांत थंड होते, यंत्र बंद पडते, थोड्या वेळात पुन्हा सुरू होते. प्रत्येक सुरुवातीस मोठा विद्युतप्रवाह ओढला जातो आणि दिवे क्षणभर मंदावतात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत एवढ्यावर निभावते. पण जुलै ते सप्टेंबर या दमट महिन्यांत यंत्र थोडाच वेळ चालल्याने बाष्प पुरेसे निघत नाही. खोली गार, पण ओलसर व कोंदट राहते. इन्व्हर्टर पद्धतीचा कॉम्प्रेसर आपला वेग कमी-जास्त करू शकतो, म्हणून त्याच्या बाबतीत हा दोष सौम्य होतो. तथापि त्याच्याही वेगाला खालची मर्यादा असते. शिवाय मोठ्या यंत्राची जादा किंमत, जाड वायर आणि वाढीव वीजभार या गोष्टी टळत नाहीत.

बीडचे ऊन कोठून येते

बीड शहर साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्यास, सुमारे १५-१६ तारखेस, येथे सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायातच लपते. खगोलप्रेमी ज्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात, तो हाच. घराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, ऐन उन्हाळ्यात दुपारचे सारे ऊन गच्चीवर पडते. दक्षिणेच्या भिंतीवर या काळात ऊन जवळपास नसते. साधा छज्जाही तिला पुरतो. पूर्वेची भिंत सकाळी आणि पश्चिमेची भिंत दुपारी तीननंतर तापते. म्हणजे उष्णतेच्या वाटांचा क्रम छत, पश्चिमेची खिडकी, पश्चिमेची भिंत आणि मग उरलेले सर्व, असा लागतो.

गच्चीवरील सिमेंटचा करडा पृष्ठभाग मे महिन्यातील दुपारी साठ अंशांपलीकडे तापतो. पाच इंची स्लॅब ही उष्णता लगेच आत सोडत नाही. तीन-चार तास ती साठवतो आणि संध्याकाळपासून खोलीत उत्सर्जित करतो. बाहेर वारा सुटलेला असताना रात्री दहा वाजता खोलीचे छत हाताला गरम लागते, ते यामुळे. जे लोक एसी रात्री झोपतानाच वापरणार असतात, त्यांनाही छताचा हिशेब चुकवता येत नाही तो याच कारणाने.

जिल्ह्यातही सर्वत्र सारखी स्थिती नाही. बालाघाटाच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. घाटावरील अंबाजोगाई किंवा पाटोदा येथील रात्री गोदाकाठच्या गंगथडीतील गेवराई-माजलगावच्या रात्रींपेक्षा थोड्या सुसह्य असतात. परंतु यंत्राची क्षमता कमाल तापमानाच्या दिवसासाठी ठरवायची असल्याने, घाटावरही बाहेरचे तापमान चाळीस अंश धरण्यात शहाणपण आहे.

एका खोलीचा हिशेब

बीड शहरातील एकमजली घरात बारा फूट लांब व दहा फूट रुंद अशी झोपण्याची खोली आहे असे समजू. उंची दहा फूट, वर पाच इंची उघडा स्लॅब, पश्चिमेकडील दहा फुटी भिंतीत चार फूट बाय चार फुटांची काचेची खिडकी, दक्षिणेची भिंतही बाहेरची आणि उरलेल्या दोन भिंती घरातल्या. तीन माणसे झोपणार. बाहेर ४२ अंश असताना आत २६ अंश हवे आहेत. घरगुती अंदाजासाठी प्रति चौरस फूट उष्णतेचे ढोबळ आकडे धरल्यास दुपारनंतरचा जमाखर्च असा मांडता येतो :

छत, १२० चौरस फूट, प्रत्येकी १० वॅट : १,२०० वॅट
पश्चिमेची खिडकी, १६ चौरस फूट, प्रत्येकी ५० वॅट : ८०० वॅट
पश्चिमेची भिंत, खिडकी वगळून ८४ चौरस फूट, प्रत्येकी ५ वॅट : ४२० वॅट
दक्षिणेची भिंत, १२० चौरस फूट, प्रत्येकी ३ वॅट : ३६० वॅट
घरातल्या दोन भिंती, २२० चौरस फूट, प्रत्येकी दीड वॅट : ३३० वॅट
तीन माणसे, प्रत्येकी १२० वॅट : ३६० वॅट
पंखा, दिवे व दूरचित्रवाणी संच : १५० वॅट
दार-खिडक्यांच्या फटींतून येणारी गरम हवा : २०० वॅट

एकूण बेरीज ३,८२० वॅट होते. तीत दहा टक्के राखीव धरल्यास सुमारे ४,२०० वॅट, म्हणजे जवळजवळ १.२ टन. जमीन मातीवर टेकलेली असल्याने तिच्यातून येणारी उष्णता नगण्य मानली आहे. येथे एक टनाचे यंत्र अपुरे पडेल हे उघड आहे. क्षेत्रफळाचा ठोकताळा मात्र १२० चौरस फुटांसाठी एक टनच सुचवतो.

हेच घर दुमजली असते आणि ही खोली तळमजल्यावर असती, तर छताचे १,२०० वॅट सुमारे २४० वर आले असते. बेरीज २,८६० आणि राखीवासह ३,१५० वॅटच्या आत राहिली असती. खोलीचे माप तेच, पण गरज सुमारे एक हजार वॅटने कमी.

वापराची वेळही पाहावी. एसी केवळ रात्री दहानंतर चालणार असेल, तर सूर्य मावळल्यामुळे पश्चिमेच्या खिडकीचे आठशे वॅट जवळजवळ वगळता येतात. दुपारी घरी राहणारे वृद्ध, रुग्ण किंवा अभ्यास करणारी मुले यांच्यासाठी तो वापरायचा असल्यास ते वगळता येत नाहीत. खोलीला लागून स्वयंपाकघर उघडे असेल किंवा दिवाणखाना आणि जेवणाची जागा एकच असेल, तर त्या संपूर्ण मोकळ्या जागेचा हिशेब करावा लागतो. अर्ध्या जागेपुरता एसी बसवता येत नाही. पोटमाळ्याकडे उघडणारी मोकळी जागा किंवा वर जाणारा जिना आत असल्यास तीही जागा मोजावी.

छताचा खर्च, यंत्राची बचत

वरील यादीतील सर्वांत मोठ्या दोन रकमा छत आणि खिडकी यांच्या आहेत, आणि याच दोन रकमा कमी करणे सर्वांत सोपे आहे. गच्चीला पांढरा परावर्तक रंग किंवा चुन्याचे दोन-तीन हात दिल्यास पडलेल्या उन्हाचा मोठा भाग परत फेकला जातो. चुना स्वस्त असला तरी पावसात धुपतो, म्हणून तो दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये द्यावा लागतो. परावर्तक रंग अधिक काळ टिकतो; मात्र बीडच्या धुळीत तो काळवंडू नये म्हणून अधूनमधून गच्ची झाडणे आवश्यक ठरते. नवे बांधकाम असल्यास विटांच्या तुकड्यांचा कोबा करून त्यावर पांढऱ्या तुकड्यांचे चायना मोझॅक करण्याची पद्धत जलरोधन आणि उष्णतारोध असा दुहेरी उपयोग करते. तेलंगण राज्याने २०२३ साली थंड छतांविषयी स्वतंत्र धोरणच जाहीर केले, यावरून या साध्या उपायाचे महत्त्व कळून येते.

पांढऱ्या गच्चीमुळे छतातून येणारी उष्णता प्रति चौरस फूट १० वरून ६ वॅटपर्यंत खाली आली, तर उदाहरणातील १,२०० वॅटचे ७२० होतात. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून छज्जा आणि बांबूची चिक लावल्यास ८०० वॅटचे २४० होऊ शकतात. येथे बाहेरून या शब्दाला महत्त्व आहे. आतला पडदा काचेतून आलेले ऊन अडवतो खरा, पण तोवर उष्णता खोलीत शिरलेली असते. या दोन उपायांनंतर एकूण बेरीज २,७८० वॅटवर येते. दहा टक्के राखीव धरून सुमारे ३,०६० वॅट, म्हणजे ०.८७ टन. ज्या खोलीला दीड टनाचे यंत्र घ्यावे लागत होते, तिला आता एक टनाचे पुरते. दोन यंत्रांच्या किमतीतील फरकातून चिक आणि चुना यांचा खर्च सहज निघतो, आणि कमी झालेले वीजबिल त्यापुढे प्रत्येक उन्हाळ्यात शिल्लक राहते. शिवाय वीज गेलेली असताना एसी बंद पडतो. पांढरी गच्ची तेव्हाही काम करीत असते.

गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा विचार असल्यास त्याखालील स्लॅबलाही सावली मिळते. पॅनेल आणि गच्ची यांमध्ये हवा खेळती राहील एवढे अंतर मात्र हवे.

माळवद आणि पत्रा

जिल्ह्यातील जुन्या वाड्यांत आणि खेड्यांतील अनेक घरांत माळवदाचे छत आढळते. लाकडी तुळया व फळ्यांवर मातीचा जाड थर आणि खाली दगडमातीच्या दीड-दोन फुटी भिंती, अशी ही रचना उष्णता फार सावकाश आत सोडते. अशा खोलीत भर दुपारीही गारवा जाणवतो. येथे एसीची क्षमता छतापेक्षा फटींवर अवलंबून असते. जुनी दारे, झरोके आणि फळ्यांमधील भेगा यांतून गरम हवा येत राहिल्यास यंत्राचे काम वाढते. त्या बुजवल्यास लहान यंत्रही भागवते. मात्र लाकूड आणि माती असलेल्या खोलीत ओल साचू नये म्हणून दिवसातून काही वेळ दारे-खिडक्या उघडणे इष्ट असते.

पत्र्याच्या खोलीचे गणित याच्या उलट आहे. पत्र्याला जाडी नसल्याने तो ऊन पडताच तापतो आणि तापताच आत उष्णता सोडतो. दुपारी त्यातून येणारी उष्णता स्लॅबच्या जवळपास दुप्पट धरावी लागते. अशा खोलीत उष्णतारोधक थर असलेले आतले छत केल्याशिवाय एसी बसवणे म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणे होय. पत्रा रात्री लवकर थंड होतो, एवढाच त्याचा दिलासा.

कूलर की एसी

बीडची उन्हाळी हवा कोरडी असल्याने येथे कूलर उत्तम चालतो, हे नाकारता येत नाही. एक लिटर पाणी बाष्प होताना सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता हवेतून शोषते. तासाला आठ लिटर पाणी उडवणारा मोठा कूलर त्या हिशेबाने दीड टनाच्या एसीएवढी उष्णता शोषतो आणि वीज मात्र एका-दोन पंख्यांएवढीच घेतो. अडचण पाण्याची आहे. आठ तासांत ६४ लिटर पाणी लागते. टंचाईच्या काळात टँकरने पाणी पुरवताना माणशी दररोज २० लिटरचा निकष धरला जातो. म्हणजे एका रात्रीच्या कूलरमध्ये तीन माणसांचे पाणी जाते. अर्थात विजेलाही पाणी लागतेच. याच जिल्ह्यातील परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१३ आणि २०१५ साली पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते.

ज्यांच्याकडे कूलर आणि एसी दोन्ही आहेत, त्यांनी दोन्ही एकाच वेळी एकाच खोलीत चालवू नयेत. कूलर हवेत बाष्प भरतो आणि एसीला तेच बाष्प वीज खर्चून बाहेर काढावे लागते. कोरड्या महिन्यांत एसीच्या नळीतून पाणी फार कमी टपकते. त्यावरून गॅस संपल्याची शंका घेण्याचे कारण नाही. पावसाळ्यात तेच यंत्र तासाला लिटरभर किंवा अधिक पाणी सोडू शकते.

लेबल वाचताना

खोलीची गरज वॅटमध्ये निघाली की दुकानातील यंत्रांवरील लेबल वाचणे सोपे होते. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००६ साली तारांकनाची योजना सुरू केली आणि खोलीच्या एसींसाठी ती २०१० पासून सक्तीची झाली. लेबलवर ताऱ्यांखाली यंत्राची शीतन क्षमता वॅटमध्ये छापलेली असते. दीड टन म्हणून विकली जाणारी सर्व यंत्रे नेमक्या ५,२७५ वॅटची नसतात. अनेकांची पूर्ण क्षमता ४,७०० ते ५,२०० वॅटच्या दरम्यान असते. म्हणून टनांचा शब्द सोडून वॅटचा आकडा आपल्या हिशेबाशी ताडून पाहावा. इन्व्हर्टर यंत्रांच्या लेबलवर पूर्ण आणि निम्म्या क्षमतेचे असे दोन आकडे असतात. ताडायचा तो पूर्ण क्षमतेचा.

आणखी एक वजावट करावी लागते. यंत्राची क्षमता बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. बाहेर ४२-४३ अंश असताना साधारण यंत्राची क्षमता आठ-दहा टक्क्यांनी घटते. लेबलवरील ५,००० वॅटचे बीडच्या मे महिन्यात ४,५०० राहतात आणि ३,५०० वॅटचे ३,१५०. उदाहरणातील पहिल्या खोलीला ४,२०० वॅट हवे होते. तिला दीड टन योग्य ठरते. पांढरी गच्ची व चिक असलेल्या खोलीला ३,०६० वॅट हवे होते; तिला एक टन पुरतो. तळमजल्यावरील खोलीची गरज या यंत्राच्या अगदी काठावर आहे, म्हणून तिथेही खिडकीला चिक लावूनच एक टन घ्यावा.

लेबलवर वार्षिक वीजवापराचे युनिटही दिलेले असतात. तो आकडा वर्षाला १,६०० तास वापर धरून काढलेला असतो. रोज आठ तास असे नव्वद दिवस एसी लावणाऱ्या घरात वापर ७२० तासांचा होतो, म्हणजे लेबलवरील आकड्याच्या निम्म्याहून कमी. वापर इतका मर्यादित असल्यास अधिक ताऱ्यांसाठी मोजलेली जादा रक्कम भरून निघण्यास बरीच वर्षे लागू शकतात. दिवसरात्र वापर असल्यास ती लवकर निघते. मात्र यंत्राचे तारे कितीही असले, तरी चुकलेल्या क्षमतेची भरपाई ते करीत नाहीत.

विजेची बाजू

दुकानातून यंत्र उचलण्यापूर्वी मीटरपासून खोलीपर्यंतच्या वायरिंगची तपासणी करावी. एसीसाठी दिवे-पंख्यांच्या जोडणीतून फाटा न काढता फळ्यापासून स्वतंत्र वायर न्यावी. दीड टनाच्या यंत्रास चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि खात्रीचे अर्थिंग असावे. अर्थिंग जुने असल्यास वायरमनकडून ते मोजून घ्यावे. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडल्याने त्याचा गुण कमी होतो. संध्याकाळी दाब उतरत असलेल्या भागात यंत्राच्या माहितीपत्रकातील किमान व्होल्टेज पाहून स्टॅबिलायझरची गरज ठरवावी.

महावितरणकडे घराचा मंजूर भार किती आहे, हेही बिलावर पाहता येते. एसीमुळे तो ओलांडला जात असल्यास वाढीव भारासाठी अर्ज करणे योग्य. घरगुती वीजदर शंभर, तीनशे, पाचशे युनिटांच्या टप्प्यांनी चढत जातो. त्यामुळे एसीचे युनिट बहुधा वरच्या, महाग टप्प्यात पडतात. लहान यंत्र पुरेल अशी खोली करण्याचा फायदा येथे दुहेरी असतो : युनिट कमी होतात आणि ते स्वस्त टप्प्यात राहण्याची शक्यता वाढते.

बसवताना

योग्य क्षमतेचे यंत्रही चुकीच्या जागी बसल्यास कमी पडते. बाहेरचे युनिट पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर किंवा गच्चीच्या तळाशी टेकवून ठेवल्यास त्याला हवामानखात्याच्या ४२ अंशांऐवजी त्याहून कितीतरी गरम हवा मिळते. शक्य तर ते उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या बाजूस, सावलीत, पण समोरून व मागून हवा खेळेल असे बसवावे. त्यावर सावलीसाठी छत करताना गरम हवा कोंडणार नाही हे पाहावे. आतील व बाहेरील युनिटांमधील तांब्याची नळी जितकी आखूड तितके चांगले. धुळीच्या दिवसांत आतील जाळी दर पंधरवड्यास धुतली नाही, तर हवेचा प्रवाह घटतो आणि दीड टनाचे यंत्र सव्वा टनासारखे वागू लागते.

बसवून झाल्यावर पंखा मंद गतीने चालू ठेवावा आणि तापमान २४ ते २६ अंशांवर ठेवावे. २०२० पासून देशात विकल्या जाणाऱ्या तारांकित एसींत सुरुवातीचे तापमान २४ अंश ठेवणे बंधनकारक आहे. एक अंश वाढवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे सांगणे आहे.

खरेदीपूर्वीची टाचण

दुकानात जाण्यापूर्वी घरमालकाने कागदावर पुढील गोष्टी लिहून न्याव्यात : खोलीची लांबी, रुंदी व उंची, वर उघडा स्लॅब, पत्रा, माळवद की दुसरा मजला, कोणत्या भिंती बाहेरच्या आणि त्यांची दिशा, खिडक्यांचे माप, दिशा व त्यावर बाहेरून सावली आहे काय, झोपणाऱ्या माणसांची संख्या, वापराची वेळ, आणि बिलावरील मंजूर भार. या सात बाबींवरून कोणत्याही जाणकार तंत्रज्ञास योग्य क्षमता सांगता येते. ज्या विक्रेत्याला यांपैकी एकही गोष्ट विचारावीशी वाटत नाही, त्याचा सल्ला क्षेत्रफळाच्या ठोकताळ्यापलीकडचा नसतो.

क्रमही महत्त्वाचा आहे. गच्चीचा रंग, खिडकीची चिक आणि फटींची डागडुजी ही कामे फेब्रुवारीत उरकावीत, त्यानंतर खोलीचा हिशेब मांडावा आणि मार्चमध्ये यंत्र घ्यावे. मे महिन्यातील उकाड्याने त्रासून, आदल्या रात्री झोप न झालेल्या अवस्थेत केलेली खरेदी बहुधा एका आकाराने मोठी किंवा लहान ठरते, आणि तिची किंमत पुढील प्रत्येक उन्हाळ्यात चुकवावी लागते.